शाळा अंगणांत गेली
(कै. ताराबाई मोडक यांचें अल्पचरित्र)

विद्यार्थिमित्रांनो, शाळा म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एक इमारत उभी राहते. तींत बांकें असतात, फळा असतो, ठरलेल्या वेळीं घंटा होते, आणि मुलांनीं त्या वेळीं तेथें हजर व्हावें अशी अपेक्षा असते. मूल आलें नाहीं तर दोष मुलाचा, किंवा त्याच्या आईबापांचा. दोष शाळेचाहि असूं शकेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ह्या समजुतीस ज्यांनीं मुळापासून धक्का दिला, त्या पद्मभूषण ताराबाई मोडक आपल्या ह्याच मुंबई शहरांत जन्मास आल्या. दादर येथें त्यांनीं नांवलौकिक मिळविला. आणि तो पदरीं पडल्यावर, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, शहर सोडून त्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर टोंकास खेड्यांतील मुलांपाशीं राहावयास गेल्या.

त्यांचें चरित्र आज मुद्दाम सांगावयाचें कारण असें कीं, आदिवासी बांधव आणि शाळा यांचें नातें फार दिवसांपासून दुखावलेलें आहे. तें जोडावयाचें तर पहिलें पाऊल कोणी टाकावें, ह्या प्रश्नाचें उत्तर ताराबाईंनीं आपल्या पायांनीं चालत जाऊन दिलें.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं केळकर कुटुंबांत झाला. वडील सदाशिवराव व आई उमाबाई हीं दोघेंहि प्रार्थनासमाजाच्या मताचीं होतीं. मुंबईत १८६७ सालीं स्थापन झालेल्या ह्या समाजाचें मंदिर गिरगांवांत आहे, आणि त्यावरून तेथील नाक्यास लोक आजहि प्रार्थनासमाज असेंच म्हणतात. जातिभेद मानूं नये, मुलींस शिकवावें, विधवेस पुन्हां संसार करण्याची मोकळीक असावी, हे विचार त्या काळीं पुष्कळांस पाखंडासारखे वाटत. ताराबाईंच्या घरीं ते नित्याचे होते. त्या चौदा वर्षांच्या असतांना, १९०६ सालीं, ह्याच समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे यांनीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मुंबईत कार्य आरंभिलें. ज्यांना कोणी शाळेंत बसूं देत नाहीं त्यांच्यासाठीं आपणच शाळा काढावी, हा धडा ह्या शहरानें ताराबाईंच्या पिढीस अशा रीतीनें लहानपणींच दिला.

मुली कॉलेजांत जाणें ही अपूर्वाई मानण्याच्या दिवसांत ताराबाई १९१४ सालीं मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. पुढें अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. परंतु संसारांत त्यांस सौख्य लाभलें नाहीं, आणि १९२१ च्या सुमारास तो संबंध सुटला. पदरीं लहान मुलगी होती. त्या काळच्या समाजांत अशा स्त्रीकडे कोणत्या नजरेनें पाहिलें जाई, हें वडील वाचकांस सांगावयास नको. ताराबाई डगमगल्या नाहींत. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन-विद्यालयाचें प्रमुखपद त्यांनीं स्वीकारलें. असें पद त्या दिवसांत भारतीय स्त्रीच्या वांट्यास क्वचितच येई. मान होता, पगार चांगला होता, राहावयास जागा होती. पुढील आयुष्य तेथें सुखानें गेलें असतें.

परंतु काठेवाडांत भावनगर येथें एका वकिलानें वकिली सोडून लहान मुलांची शाळा काढली होती. त्यांचें नांव गिजुभाई बधेका. दक्षिणामूर्ति ह्या संस्थेंत १९२० सालीं त्यांनीं बालमंदिर सुरूं केलें. तेथें छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुलें हातांनीं वस्तु हाताळीत, आपल्या कलानें शिकत, आणि शिक्षक त्यांस धाक न घालतां त्यांचें निरीक्षण करी. ताराबाईंनीं हें काम ऐकलें, वाचलें आणि जाऊन पाहिलें. १९२३ सालीं त्यांनीं राजकोटचें मानाचें पद सोडलें आणि भावनगरास गिजुभाईंच्या हाताखालीं काम पत्करलें. एका महाविद्यालयाच्या प्रमुखानें तीन-चार वर्षांच्या मुलांच्या शाळेंत शिक्षिका व्हावें, ह्यास व्यवहारी माणसें उतरती पायरी म्हणतील. ताराबाईंना ती चढती वाटली. १९२६ सालीं ह्या दोघांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मराठी आईबापांपर्यंत हा विचार पोहोंचावा म्हणून ताराबाईंनीं शिक्षणपत्रिका ह्या मासिकाचें संपादनहि केलें. मूल म्हणजे लहान आकाराचें मोठें माणूस नव्हे. त्याच्या वाढीचे नियम वेगळे आहेत, आणि ते जाणल्यावांचून त्यास शिकवूं जाणें हा त्याच्यावर अन्याय आहे, असें त्या महाराष्ट्रास निरनिराळ्या प्रकारें सांगत राहिल्या.

भावनगरचीं वर्षें संपवून त्या मुंबईस परत आल्या, आणि १९३६ सालीं दादर येथें शिशुविहार ह्या संस्थेचें काम उभें राहिलें. बालमंदिराबरोबर शिक्षिकांस तयार करणारें अध्यापनमंदिरहि तेथें चाले. लहान मुलांना शिकविणें हें कोणासहि येणारें काम आहे, अशी तेव्हां सार्वत्रिक समजूत होती. त्यासाठीं स्वतंत्र अभ्यास करावा लागतो, हें दादरनें मुंबईस दाखवून दिलें. सुशिक्षित कुटुंबांतील आईबाप आपलीं मुलें मोठ्या विश्वासानें तेथें आणूं लागले. १९३९ सालीं गिजुभाई निवर्तले आणि संघाची धुरा मुख्यतः ताराबाईंच्या खांद्यावर आली.

एवढें यश मिळूनहि त्यांच्या मनास स्वस्थता नव्हती. ही शिक्षणपद्धति ज्यांच्यामुळें जगास कळली, त्या इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं आपलें पहिलें बालगृह रोम शहरांतील सान लोरेंझो ह्या गरीब कामकरी वस्तींत उघडलें होतें. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत व गल्लींत उनाड फिरणाऱ्या मुलांसाठीं तें होतें. तीच पद्धति आपल्याकडे आली ती मात्र श्रीमंतांच्या दारीं अडकून पडली. लांकडी ठोकळे, मनोरे, दट्टे, घडीव अक्षरें ह्या साऱ्या साहित्यास पैसा लागे. दादरपासून हांकेच्या अंतरावर परळ-लालबागच्या चाळींतून गिरणीकामगारांचीं मुलें दिवसभर मोकळीं हिंडत. आणि खेड्यांतलीं मुलें? त्यांचा तर विचारहि कोणी करीत नव्हतें. गरिबाच्या मुलासाठीं जन्मलेली विद्या गरिबाकडे परत कशी न्यावी, हा प्रश्न ताराबाईंस सतावूं लागला. त्याच सुमारास महात्मा गांधींच्या नयी तालीमेचा विचार सात वर्षांखालील मुलांपर्यंत पोहोंचला होता. खेड्यांतील मुलांस परवडेल, खेड्यांतल्याच वस्तूंनीं चालेल, असें बालशिक्षण पाहिजे, ह्या मतानें ताराबाईंच्या निश्चयास बळ आलें. १९४५ सालीं त्यांनीं दादर सोडलें आणि समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरूं केलें.

दादरहून गाडीनें निघून घोलवड स्टेशनावर उतरलें कीं बोर्डी जवळच आहे. पश्चिमेस समुद्र, मध्यें वाड्या व बागा, आणि पूर्वेस डोंगर व जंगल. हा भाग तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडे. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत आहे. डहाणू-तलासरीकडील ह्या मुलखांत वारली लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. भात, नाचणी, वरई पिकवावी, मोहाचीं फुलें वेंचावीं, ओहोळांतले मासे धरावे, धान्याची देवता कणसरी हिला भजावें, सुगीच्या दिवसांत तारप्याच्या नादावर फेर धरावा, लग्नांत भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहावा, असें त्यांचें जीवन. इंग्रजी अमदानींत १८७८ च्या कायद्यानें जंगलें राखीव होऊं लागलीं आणि बापजाद्यांचें रान सरकारी झालें. शेतसारा रोकड भरावा लागे. रोकड सावकारापाशीं असे. म्हणून जमिनी हळूहळू सावकारांच्या व जमीनदारांच्या नांवावर गेल्या, आणि मूळचा धनी आपल्याच शेतांत कूळ व पुढें वेठबिगार झाला. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं नवराबायको सावकाराच्या दारीं राबत. अशा गड्यास लग्नगडी हें नांवच पडलें होतें. मुंबई सरकारच्या नेमणुकीवरून सायमिंग्टन ह्या अधिकाऱ्यानें ह्या स्थितीची चौकशी केली, आणि १९३९ सालीं छापलेल्या त्याच्या अहवालांत ती गुलामगिरी सरकारदरबारीं नमूद झाली.

ज्या वर्षीं ताराबाई बोर्डीस आल्या त्याच वर्षीं, म्हणजे मे १९४५ मध्यें, उंबरगांव तालुक्यांतील झरी ह्या गांवीं हजारों वारली जमले आणि ह्यापुढें वेठ करावयाची नाहीं असा त्यांनीं निर्धार केला. शामराव व गोदावरी परुळेकर हीं किसान सभेचीं कार्यकर्तीं त्यांच्या पाठीशीं होतीं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि कांहीं जणांचे प्राण गेले.

अशा मुलखांत एक पांढरपेशा शिक्षिका मुलांस शिकवावयास आली होती. वारल्याच्या बाजूनें आपण विचार करून पाहूं. अक्षर ही वस्तु त्यास ठाऊक होती ती सावकाराच्या वहींत आणि फॉरेस्ट गार्डाच्या पावतींत. अंगठा तो उठवी. लिहिणारा दुसरा असे. आणि लिहिलेल्याचा अर्थ जमीन गेल्यावर कळे. स्वच्छ धुतलेल्या कपड्यांतलें माणूस पाड्यावर आलें म्हणजे कांहीं तरी घेऊन जाण्यासाठींच येतें, हा त्याचा पिढीजात अनुभव. मग त्याच्या पोरांनीं शाळा पाहतांच रानांत धूम ठोकली, तर त्यांस अडाणी कोणी म्हणावें? त्या भीतीस कारण होतें. ताराबाईंचें मोठेपण हें कीं, त्यांनीं ती भीति समजून घेतली.

ह्या कामांत त्यांस एक असामान्य सहकारी लाभली. अनुताई वाघ ह्या १९१० सालीं जन्मलेल्या. बालपणींच लग्न झालें आणि कांहीं महिन्यांतच वैधव्य आलें. जिद्दीनें शिकून त्या पुण्यास शिक्षिका झाल्या होत्या. १९४५ सालीं बोरिवली येथील एका शिबिरांत त्यांची व ताराबाईंची गांठ पडली, आणि पुण्याची कायमची नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या. ताराबाईंनीं विचार द्यावा, अनुताईंनीं तो पाड्यापाड्यांतून फिरून पडताळून पाहावा, असें ह्या दोघींचें काम पुढें पंचवीस वर्षांहून अधिक काळ चाललें.

बोर्डीस केंद्राची बालवाडी उघडली. परंतु जीं मुलें यावीं म्हणून ती उघडली तींच येईनात. हरिजनवस्तींतलीं आणि कष्टकऱ्यांचीं मुलें दूर उभीं राहून पाहत, हांक मारली कीं पळत. आईबाप सकाळीं कामावर जात. मुलास नटवून थटवून शाळेंत पोंचविणार कोण? येथें दुसरा कोणी असता तर त्यानें हजेरीपत्रकावर अनुपस्थित असा शेरा मारून आपलें कर्तव्य संपलें असें मानलें असतें. ताराबाईंनीं प्रश्नच उलटा केला. मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळा मुलाकडे कां जात नाहीं? शिक्षिका सामानाची पिशवी घेऊन वस्तींत गेल्या. एखाद्या घरापुढलें सारवलेलें अंगण झाडून घेतलें आणि तेथेंच गाणीं, गोष्टी व खेळ सुरूं केले. मुलें आईच्या नजरेसमोर होतीं. आई मुलांच्या हांकेच्या अंतरावर होती. भीतीचें कारण उरलें नाहीं. अंगणांत भरणारी म्हणून हिला अंगणवाडी म्हणूं लागले. आज देशाच्या कानाकोंपऱ्यांत जो शब्द लहान पोरासहि ठाऊक आहे, त्याचा उगम असा बोर्डीच्या एका वस्तींत आहे.

अंगणांत महागडे ठोकळे कोठून आणावे? तेंहि उत्तर तेथेंच मिळालें. समुद्रकांठीं शंखशिंपले होते. ओढ्यांत गुळगुळीत खडे होते. झाडांखालीं बिया, शेंगा व पानें होतीं. बांबू होता, माती होती. लहानमोठें, हलकें-जड, गुळगुळीत-खरखरीत हा भेद शिकावयास इटलीहून साहित्य मागविण्याची गरज नाहीं, हें ताराबाईंनीं करून दाखविलें. आधीं नखें काढणें, केस विंचरणें, अंघोळ घालणें हीं कामेंहि शिक्षिकांनींच केलीं. विचार करा, ज्यांचा स्पर्श टाळण्यांत कित्येक लोक पुण्य समजत, त्या मुलांस मांडीवर घेऊन शिक्षिका न्हाऊं घालीत होत्या.

दहा-अकरा वर्षांनंतर केंद्राचें काम कोसबाडच्या टेकडीवर हललें. तेथें गोखले एज्युकेशन सोसायटीचें शेतीशिक्षणाचें काम होतें. त्या सोसायटीच्या बोर्डी येथील हायस्कुलाचे आचार्य शंकर रामचंद्र भिसे हे आदिवासींच्या सेवेंत आधींपासूनच गढलेले होते. टेकडीच्या आसमंतांत सारे वारल्यांचे पाडे. येथें अडचणी आणखी वाढल्या. मुलें सकाळीं गुरें घेऊन रानांत जात तीं संध्याकाळीं परतत. मुली धाकट्या भावंडांस कडेवर घेऊन घर सांभाळीत. थोडीं मोठीं झालेलीं मुलें मजुरीस जात. ताराबाईंनीं ह्यांतील एकेका अडचणीपुढें शाळाच वांकविली. गुराख्यांसाठीं कुरणशाळा निघाली: जेथें गुरें चरत तेथेंच शिक्षकानें जावें, झाडाखालीं मुलांस जमवावें, पक्षी, पानें, दगड दाखवीत शिकवावें, आणि गुरें पांगलीं तर मुलानें खुशाल उठून तीं वळवून आणावीं. भावंडांस सांभाळणाऱ्या मुलींसाठीं शाळेंतच पाळणाघर झालें. भावंड पाळण्यांत निजे आणि बहीण जवळच धडा गिरवी. दिवसा राबणाऱ्यांसाठीं रात्रीचे वर्ग चालले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ह्या तिन्ही एका छपराखालीं आणून जी योजना झाली, तिला विकासवाडी असें नांव दिलें. त्या काळचे आपले शिक्षणतज्ज्ञ जें पुस्तकांतून मांडीत, तें येथें शेणानें सारवलेल्या जमिनीवर चालतांना दिसत होतें.

ह्या साऱ्याच्या मुळाशीं एक नम्रता होती. वारल्यांचें मूल रिकामें मडकें आहे, त्यांत आपण शहाणपण ओतावयाचें, असें ताराबाई व अनुताई यांनीं मानलें नाहीं. आठ वर्षांच्या वारली मुलास कोणत्या झाडाचा पाला गुरांस चालतो, कोणत्या ढगानें पाऊस येतो, कोणती वाट कोठें जाते हें सारें ठाऊक असतें. आपल्यापैकीं पुष्कळांस दहावीच्या वर्गांतहि तें सांगतां येणार नाहीं. त्या ज्ञानास शाळेंत मान मिळाला, त्यांच्या बोलीस व गाण्यांस जागा मिळाली, तर मूल शाळेस परकी समजत नाहीं.

मित्रांनो, ह्याचें महत्त्व नीट कळावयास जगांत इतरत्र काय घडलें तें पाहिलें पाहिजे. कॅनडा देशांत सुमारें शंभर वर्षांहून अधिक काळ तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांस आईबापांपासून तोडून दूरच्या वसतिशाळांत ठेवीत. पैसा सरकारचा असे. शाळा बहुतेक ख्रिस्ती संस्था चालवीत. सुमारें दीड लक्ष मुलें अशा शाळांतून गेलीं. त्यांचे केस कापीत, त्यांची भाषा बोलल्यास शिक्षा करीत, आणि हजारों मुलें घरीं परतलींच नाहींत. २००८ सालीं कॅनडाच्या सरकारनें ह्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. सत्य व समेट यांसाठीं नेमलेल्या आयोगानें २०१५ पर्यंत हजारों साक्षी ऐकून तो इतिहास नोंदविला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेंहि तेथील मूळ रहिवाशांची मुलें हिरावून घेतल्याबद्दल २००८ सालीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. कॅनडांतील शाळा दरवर्षीं ३० सप्टेंबर रोजीं नारिंगी सदरे घालून त्या मुलांचें स्मरण करतात. त्याचें कारण असें: १९७३ सालीं एका सहा वर्षांच्या मुलीस आजीनें घेऊन दिलेला नवा नारिंगी सदरा अशा एका वसतिशाळेनें पहिल्याच दिवशीं काढून घेतला होता. मिशनरी शाळेच्या वार्षिकांत हें लिहितांना संकोच वाटतो. परंतु खरें तें सांगितल्यावांचून समेट होत नाहीं. त्याच १९७३ सालीं ताराबाईंनीं देह ठेवला. एका शाळेनें मुलास घरापासून तोडलें. दुसरी शाळा मुलाच्या घरापुढील अंगणांत जाऊन बसली. शाळा ह्या एका नांवाखालीं ह्या दोन्ही गोष्टी घडूं शकतात, हें शिक्षकांनीं व पालकांनीं विसरूं नये.

ताराबाईंच्या कार्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. नाहीं तर हें चरित्र केवळ स्तुतिपाठ होईल. अंगणवाडीनें वारल्यांच्या गेलेल्या जमिनी परत आल्या नाहींत. वेठ बंद झाली ती मुख्यतः वारल्यांनीं स्वतः संघटित होऊन झगडा केला म्हणून. रानावरचा त्यांचा हक्क कायद्यानें मान्य व्हावयास २००६ साल उजाडावें लागलें, आणि तेवढ्यानेंहि सगळे अर्ज निकालांत निघाले असें नाहीं. शाळा न्यायाची जागा घेऊं शकत नाहीं. मात्र न्याय मागावयास अक्षर लागतें. आणि जें अक्षर एके काळीं वारल्याच्या विरुद्ध वापरलें गेलें, तें त्याच्या मुलाच्या हातीं देण्याचें काम ह्या शाळेनें केलें. अंगठ्याच्या जागीं सही आली, तर सावकाराच्या वहीचा धाक निम्मा कमी होतो.

भारत सरकारनें १९६२ सालीं ताराबाईंस पद्मभूषण ही पदवी देऊन गौरविलें. तोंपर्यंत त्यांचें वय सत्तर झालें होतें. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्यामागें अनुताईंनीं कोसबाडचें काम आणखी एकोणीस वर्षें, १९९२ सालीं अखेरचा श्वास घेईपर्यंत, चालविलें. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना देशांतील तेहतीस विभागांत सुरूं केली. मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची काळजी वाहणाऱ्या तिच्या केंद्रांस जें नांव दिलें, तें होतें अंगणवाडी. आज त्या केंद्रांची संख्या लक्षावधि आहे. परळ-लालबागच्या वस्त्यांतूनहि तीं चालतात; आपल्यापैकीं कित्येकांचीं धाकटीं भावंडें तेथें जात असतील. बोर्डीचें अंगण अशा रीतीनें मुंबईस परत आलें आहे.

आतां शेवटची गोष्ट, आणि ती आपल्यासाठीं. ९ ऑगस्ट हा दिवस मुंबईकर गवालिया टँकच्या मैदानावरील १९४२ च्या चळवळीसाठीं ओळखतात. संयुक्त राष्ट्रांनीं १९९४ सालीं तोच दिवस जगांतील मूळ रहिवाशांचा दिवस म्हणून ठरविला, आणि महाराष्ट्रांत आदिवासी बांधव तो मोठ्या उत्साहानें पाळतात. त्या दिवशीं शाळाशाळांतून भिंतींवर वारली चित्रें काढतात, मुलें तारपानृत्याचा फेर धरतात. चित्र काढणें चांगलेंच. पण ज्यांची ती कला आहे ते लोक कोण, कोठें राहतात, त्यांचें काय गेलें व काय राहिलें, हें न जाणतां काढलेलें चित्र म्हणजे केवळ नक्षी होय. वारल्यांचे पाडे फार दूर नाहींत. आरेच्या रानांत, आपल्या मुंबईच्या हद्दींतच, ते आहेत. तेथील एखादा मुलगा उद्यां आपल्या वर्गांत शेजारीं येऊन बसेल. त्याचें मराठी आपल्याहून वेगळें असेल, त्याचें आडनांव आपल्या कानांस नवें असेल. त्यानें आपल्यासारखें व्हावें म्हणून वाट पाहत बसावयाचें, कीं आपण उठून त्याच्याकडे जावयाचें, त्याची बोली विचारावयाची, त्याच्या रानांतल्या झाडांचीं नांवें शिकावयाचीं? पालकांनींहि हा प्रश्न स्वतःस विचारावा. कारण कोणाच्या शेजारीं बसावें आणि कोणाच्या बसूं नये, हें मूल शाळेंत शिकण्याआधीं घरींच शिकतें.

ताराबाईंपाशीं विद्या होती, कीर्ति होती, दादरसारख्या ठिकाणीं हक्काची जागा होती. त्यांनीं तीं सारीं मागें ठेवलीं आणि एका परक्या अंगणांत जमिनीवर बैठक मारली. पाड्यांतली मुलें प्रथम लांबून पाहत राहिलीं, मग एकेक करून जवळ आलीं, आणि शिंपले मोजूं लागलीं.